दोन वाटा, एक भांडार

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही रेल्वेच्या आरक्षण खिडकीसमोर रांगेत उभे राहिला असालच. खिडकीमागचा कर्मचारी कळा दाबतो आणि जागा आहे की नाही हे क्षणात कळते. पण आत कुठेतरी एखादी तार तुटली तर? सारी रांग खोळंबेल. इस्पितळात तर वेळेवर माहिती न मिळाल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून मोठ्या कार्यालयांत माहितीसाठी डिस्कचे वेगळे भांडार असते. काम करणारे संगणक केबल व स्विच यांच्या जाळ्याने त्याला जोडतात. अशा संगणकाला 'होस्ट' म्हणतात. जाळे जोडताना एकच नियम पाळतात : जी बंद पडताच सगळे काम थांबेल, अशी एकटी वस्तू कोठेही ठेवायची नाही.

म्हणून होस्टमध्ये दोन कार्डे बसवतात. प्रत्येक कार्डाची केबल वेगळ्या स्विचला जाते. भांडारातही दोन नियंत्रक असतात. एक वाट बंद पडली, तर माहिती दुसऱ्या वाटेने जाते. मात्र दोन्ही केबल एकाच नळीतून नेल्या, तर एकाच घावात दोन्ही तुटतील!

आता एक अडचण येते. दोन वाटांमुळे होस्टला एकच डिस्क दोनदा दिसते. त्या दोन वेगळ्या डिस्क समजून तो लिहू लागला, तर माहिती बिघडेल. म्हणून 'मल्टिपाथ' नावाची आज्ञावली डिस्कचा ओळख क्रमांक वाचते आणि दोन्ही वाटा एकाच डिस्कच्या आहेत हे ओळखते.

होस्टच बंद पडला तर? त्यासाठी दोन होस्ट ठेवतात. ते एकमेकांना सतत 'मी चालू आहे' असा संदेश पाठवतात. त्याला 'हार्टबीट', म्हणजे हृदयाचे ठोके, म्हणतात. ठोके थांबले, की दुसरा होस्ट काम हाती घेतो. पण कधी पहिला होस्ट चालूच असतो, फक्त मधली तार तुटलेली असते. मग दोघेही स्वतःला मुख्य समजून लिहू लागतील आणि एकच जागा दोन प्रवाशांना जाईल! म्हणून तिसरा साक्षीदार ठेवतात. त्याचे मत ज्याला मिळते, तोच होस्ट काम करतो. दुसऱ्याची लिहिण्याची वाट बंद केली जाते.

एवढी खटपट कशासाठी? वर्षाचे तास ८,७६०. यंत्रणा ९९.९ टक्के वेळ चालली, तरी ती वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद राहते. ९९.९९९ टक्के वेळ चालली, तर फक्त सव्वापाच मिनिटे.

मित्रांनो, दुसरी वाट नुसती असून भागत नाही. ती चालते की नाही हेही पाहावे लागते. म्हणून जाणकार मुद्दाम एक केबल काढून परीक्षा घेतात. संकटाच्या वेळी दुसरी वाट बंद निघाली, तर ती असून नसल्यासारखीच!

स्वाध्याय
१. दोन केबल एकाच नळीतून का नेऊ नयेत?
२. तिसऱ्या साक्षीदाराची गरज केव्हा पडते?