भुसा ओढणारी नळी
जवाहरनगर येथे स्फोटक द्रव्यांचा सरकारी कारखाना आहे. ठिणगीचे भय तेथे पोरासोरांसही ठाऊक. घरच्या सुतारशाळेत मात्र ते कोणाच्या ध्यानी येत नाही. व्हॅक्यूमच्या नळीतून कोरडा भुसा वेगाने धावला म्हणजे घर्षणाने वीज साचते.

ही नळी बहुधा गळ्याशीच फाटते. तीवर चिकटपट्टी गुंडाळणे आम्हांस मुळीच पसंत नाही. पट्टी सुटते, आणि जो लाकडी भुसा जागतिक कर्करोगसंस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरविला, तोच मुलाबाळांच्या श्वासात जातो. फाटका भाग सरळ कापून टाकावा व तोंडाचे कडे मळसूत्राप्रमाणे फिरवून पुन्हा बसवावे. आटे पुष्कळदा उलटे असतात. नळीत तार असल्यास तिचे टोक सोलून यंत्राच्या भूतारेशी जोडलेल्या धातूच्या सांगाड्यास घट्ट बांधावे.