फोटो एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? नव्या फोटोग्राफरसाठी कमी खर्चाचे पर्याय

नवा किंवा सेकंडहँड कॅमेरा घेतला की पहिले पंधरा दिवस मजेत जातात. मग कार्ड लॅपटॉपला लागतं आणि प्रश्न पडतो, हे फोटो आता एडिट कशात करायचे? बॉडी, लेन्स, बॅग, ट्रायपॉड यांत बजेट तर केव्हाच संपलेलं असतं. ओळखीतला कुणीतरी सांगतो, "फोटोशॉप टाकून घे." आणि बहुतेक जण तेच करतात. आजच्या लेखात आपण बघू की सुरुवातीला पैसे न भरता किती काम होतं, आणि पैसे भरायचेच असतील तर ते कधी आणि कशासाठी.

आधी काम कोणतं ते ठरवा

आपल्याकडे प्रत्येक फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतात, तसं प्रत्येक एडिटिंगला फोटोशॉप म्हणतात. पण ही दोन वेगळी कामं आहेत.

पहिलं काम म्हणजे फोटो डेव्हलप करणं. शंभर-दोनशे फोटोंतून चांगले निवडायचे, उजेड कमी-जास्त करायचा, रंग सुधारायचे, क्रॉप करायचं, नॉइज काढायचा. दुसरं काम म्हणजे एकाच फोटोवर बसून कारागिरी करणं: मागची वायर काढणं, दोन फोटो जोडणं, वर मजकूर टाकणं, लेयर्समध्ये काम करणं. फोटोशॉप मुख्यतः या दुसऱ्या कामासाठी आहे. नव्या फोटोग्राफरचं बहुतेक काम मात्र पहिल्या प्रकारचं असतं. म्हणजे अनेक जण जे सॉफ्टवेअर शोधत असतात, त्याची त्यांना रोज गरजच नसते.

डेव्हलप करण्याचा खरा फायदा हवा असेल तर कॅमेऱ्यात रॉ फॉरमॅट चालू करा. जेपीजी फोटोत प्रत्येक रंगासाठी उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिट रॉ फाइलमध्ये त्या १६,३८४ असतात. कार्यालयातल्या लग्नात नवरीच्या मागे खिडकी आली आणि चेहरा काळा पडला, तर जेपीजीमध्ये तो उजळताना डाग आणि पट्टे दिसू लागतात. रॉमध्ये चेहरा बऱ्यापैकी परत मिळतो. ट्यूबलाइट आणि पिवळे दिवे एकत्र आल्यावर त्वचेचा रंग बिघडतो, तोही रॉमध्ये सहज सुधारता येतो. फाइल मोठी होते हे खरं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एक रॉ साधारण २५ ते ३० एमबी होते, म्हणजे ५०० फोटोंना १२ ते १५ जीबी जागा धरा.

कॅमेऱ्यासोबत मिळालेलं सॉफ्टवेअर

हा पर्याय सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ आणि सोनीचं इमेजिंग एज डेस्कटॉप हे प्रोग्रॅम त्या त्या कंपनीच्या साइटवरून मोफत डाउनलोड करता येतात. फुजीफिल्मचं एक्स रॉ स्टुडिओ तर कॅमेरा यूएसबीने जोडून कॅमेऱ्यातलाच प्रोसेसर वापरतं, त्यामुळे लॅपटॉपवर ताण कमी येतो.

याचा मोठा फायदा म्हणजे रंग. तुम्ही कॅमेऱ्यात पोर्ट्रेट किंवा लँडस्केप असा जो मोड लावलेला असतो, तो कंपनीच्या सॉफ्टवेअरला समजतो. त्यामुळे रॉ उघडल्यावर फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर होता तसाच दिसतो. दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये तोच फोटो पहिल्यांदा फिका दिसू शकतो आणि नवखा माणूस घाबरतो, की आपलंच काहीतरी चुकलं. फाइल खराब झालेली नसते, फक्त कंपनीचा रंगसंस्कार तिथे लागलेला नसतो.

कमतरताही आहेत. फोटोचा ठराविक भाग निवडून सुधारण्याची साधनं मर्यादित असतात, आणि कॅमेऱ्याची कंपनी बदलली की हे सॉफ्टवेअर बाद होतं. तरीही पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी माझं मत हेच, की इथूनच सुरुवात करा. एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, शॅडो, हायलाइट म्हणजे काय हे इथे शिकलात तर पुढे कुठेही गेलात तरी उपयोगी पडतं.

डार्कटेबल, रॉथेरपी आणि बाकीची मोफत मंडळी

यापुढची पायरी म्हणजे डार्कटेबल. हे ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि यात पैसे भरून उघडायची कुलुपं कुठेच नाहीत. मास्किंग, कॅमेऱ्याच्या मॉडेलप्रमाणे नॉइज काढणं, एका फोटोचं एडिटिंग बाकीच्या दोनशे फोटोंना लावणं, सगळं आहे. मूळ फाइलला ते हात लावत नाही. तुमचे बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहितं. फोटो दुसऱ्या डिस्कवर कॉपी करताना ही छोटी फाइलही सोबत न्यायची, नाहीतर केलेली मेहनत मागेच राहते.

अडचण अशी, की डार्कटेबल पहिल्या दिवशी अंगावर येतं. मॉड्यूल्सची भली मोठी यादी आणि काहींची नावं भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली वाटावीत अशी. सुरुवातीला एक्सपोजर, कलर कॅलिब्रेशन, सिग्मॉइड, डिनॉइज प्रोफाइल्ड आणि क्रॉप एवढीच वापरा. बाकीची सहा महिने उघडली नाहीत तरी चालेल. रॉथेरपी हाही असाच मोफत प्रोग्रॅम आहे, बारीक तपशील काढण्यात चांगला.

डाउनलोड करण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. तुमच्या कॅमेऱ्याचं मॉडेल सपोर्टेड कॅमेऱ्यांच्या यादीत आहे का? कॅननने २०१८ मध्ये सीआर३ ही नवी रॉ फाइल आणली, पण डार्कटेबलमध्ये ती उघडायला डिसेंबर २०२१ उजाडलं. अगदी ताजं मॉडेल घेतलं असेल तर कंपनीचंच सॉफ्टवेअर सुरक्षित.

दुसऱ्या प्रकारच्या कामासाठी, म्हणजे लेयर्ससाठी, गिम्प आहे. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली आणि फिल्टर लावल्यावरही मूळ चित्र शाबूत ठेवण्याची सोय झाली, जी नसल्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार होती. इन्स्टॉल करायचंच नसेल तर फोटोपी ब्राउझरमध्ये उघडतं. दिसायला फोटोशॉपसारखं, पीएसडी फाइल उघडतं, जाहिराती दाखवतं म्हणून मोफत. फोटो सर्व्हरवर जात नाही, काम तुमच्याच कॉम्प्युटरवर होतं.

अफिनिटीची गोष्ट वेगळी आहे. हे पूर्वी एकदाच पैसे भरून घ्यायचं सॉफ्टवेअर होतं. २०२४ मध्ये कॅनव्हाने ती कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून अफिनिटी मोफत केलं. कॅनव्हाचं अकाउंट लागतं आणि एआयची साधनं मात्र कॅनव्हाच्या पेड प्लॅनमध्ये आहेत. एकेक फोटो घेऊन काम करायला हे उत्तम आहे, पण पाचशे फोटोंतून निवड करायला नाही.

फोटोवर मराठी मजकूर टाकत असाल, वाढदिवसाचं बॅनर किंवा लग्नाची पत्रिका करत असाल, तर आणखी एक परीक्षा घ्या. "हार्दिक शुभेच्छा" आणि "श्रीकृष्ण" युनिकोडमध्ये टाइप करून बघा. गिम्पमध्ये जोडाक्षरं नीट येतात. अफिनिटीच्या जुन्या आवृत्त्यांत ती तुटायची, म्हणून आधी स्वतः तपासा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांतही टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागायचा, नाहीतर वेलांटी भलत्याच ठिकाणी जाऊन बसायची.

अ‍ॅडोबीला पैसे द्यावेत का?

लाइटरूम चांगलं आहे, यात वाद नाही. शिकायला सोपं, वेगवान, यूट्यूबवर शिकवणारेही भरपूर. प्रश्न पैशांच्या पद्धतीचा आहे. एकदा विकत घेऊन कायम वापरता येईल असं शेवटचं लाइटरूम २०१५ चं. आता सगळं सबस्क्रिप्शनवर. लाइटरूम आणि फोटोशॉप मिळून २० जीबी स्टोरेजचा जो स्वस्त प्लॅन होता, तो जानेवारी २०२५ पासून नव्या ग्राहकांना मिळत नाही. फोटोशॉप एलिमेंट्स अजून एकरकमी मिळतं, पण २०२५ च्या आवृत्तीपासून त्याचंही लायसन्स तीन वर्षांचंच असतं.

महिन्याचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. त्याला ३६ ने गुणा आणि तीन वर्षांची रक्कम समोर ठेवा. तेवढ्यात एखादी जुनी ५० एमएम लेन्स येते का बघा. बऱ्याचदा येते.

दुसरं, "वर्षाचा करार, हप्ता महिन्याला" असा जो प्लॅन असतो तो खरंतर वर्षाचा असतो. पहिल्या १४ दिवसांनंतर मध्येच बंद केला तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्म्यापर्यंत रक्कम भरावी लागू शकते. ही अट ग्राहकांपासून लपवली जाते असा आरोप करत अमेरिकेच्या सरकारने जून २०२४ मध्ये अ‍ॅडोबीवर खटला भरला. तेव्हा फक्त लग्नसराईपुरतं हवं असेल तर खरोखर महिन्याचा असलेला प्लॅन निवडा. तो महाग दिसतो, पण दोन महिन्यांसाठी शेवटी स्वस्त पडतो.

सबस्क्रिप्शन संपल्यावर लाइटरूम क्लासिकमधले फोटो उडत नाहीत. ते उघडतं, फोटो बघता आणि एक्सपोर्ट करता येतात, फक्त डेव्हलपचा भाग बंद होतो. म्हणून बंद करण्याआधी तयार फोटो पूर्ण आकारात एक्सपोर्ट करून ठेवायचे.

माझ्या मते पैसे भरण्याची वेळ तेव्हा येते, जेव्हा तुमच्या कामाचे पैसे मिळू लागतात आणि मोफत सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर बसावं लागतं. त्याआधी नाही.

टाकून दिलेलं फोटोशॉप

आता तो "टाकून घे"वाला सल्ला. तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात विंडोज टाकताना फोटोशॉपही टाकून देतात, किंवा टेलिग्रामवर लिंक मिळते. कायद्याचा मुद्दा आहेच, पण फोटोग्राफरच्या दृष्टीने त्याहून मोठा धोका दुसरा आहे. क्रॅक चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे दार उघडं ठेवून अनोळखी माणसाला घरात घ्यायचं. स्टॉप नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः अशाच क्रॅक सॉफ्टवेअरमधून पसरलं. ते डिस्कवरच्या फाइल्स कुलूपबंद करतं आणि खंडणी मागतं. तुमच्या डिस्कवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतील, तर ते लग्न पुन्हा लावता येत नाही. वर एवढे मोफत पर्याय असताना ही जोखीम घेण्यात काही अर्थ नाही.

लॅपटॉप जुना असेल तर

४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर डार्कटेबल आणि लाइटरूम दोन्ही रडवतात. ८ जीबी ही कामचलाऊ पातळी, १६ असेल तर उत्तम. एआयने नॉइज काढण्यासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, नाहीतर एका फोटोला कित्येक मिनिटं जातात. जुनी हार्ड डिस्क असेल तर सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी एसएसडी टाका. फरक पहिल्याच दिवशी कळेल.

लॅपटॉपच नसेल तर फोनवर गूगलचं स्नॅपसीड मोफत आहे आणि डीएनजी रॉ फाइलही उघडतं.

निवड करताना दहा फोटो बाजूला काढा: एक उजेडाविरुद्ध काढलेला, दोन रात्रीचे, तीन कार्यालयातल्या मिश्र उजेडातले, बाकी तुम्ही नेहमी काढता ते. हेच दहा फोटो दोन सॉफ्टवेअरमध्ये एडिट करा, वेळ लावा आणि दोन्हीकडचे प्रत्येकी दोन फोटो एसआरजीबी जेपीजी करून जवळच्या लॅबमध्ये ६ बाय ८ मध्ये प्रिंट काढा. रात्री स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून एडिट केलं असेल तर प्रिंट काळपट येईल. तो दोष सॉफ्टवेअरचा नाही, ब्राइटनेस कमी करून पुन्हा बघा.