बिसी की बिझी?

"लॅपटॉप बिसी आगेदेन?" माझ्या मुलानं बेळगावहून फोनवर विचारलं. त्यावर भोपाळला माझे दाजी म्हणाले, "हो ना, बिझी तर आहेच. मघापासून नुसता गोल फिरतोय!"

घरात हशा पिकला. बिसी म्हणजे गरम, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. पण दाजींचं अवघं आयुष्य भोपाळात गेलेलं, त्यांना कन्नडचा गंध नाही. गंमत म्हणजे त्या दिवशी दोघांचंही बरोबर होतं.

मे महिन्यात गोवा एक्सप्रेसनं अक्काकडे गेलो होतो. भोपाळचा पारा चाळिशीच्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाचा पलंगावर गादीवर लॅपटॉप ठेवून माइनक्राफ्ट खेळत बसलेला. ठोकळ्यांवर ठोकळे रचून वाटेल ते बांधायचा हा खेळ. माझा मुलगा नि भाचा रोज संध्याकाळी दोन गावांतून एकत्र बसून त्यात बेळगावचा किल्ला बांधतात, खंदकासकट. भाच्याला घरात मराठी, बाहेर हिंदी. "इल्लि बा", "निल्लो", "बेगा बा" एवढं कन्नड तो या किल्ल्यावरच शिकला. आमची आई गोकाककडची. नातू फोनवर "अज्जी, ऊट आयता?" विचारतो म्हटल्यावर तिचा आनंद काय सांगावा!

पण लॅपटॉप अडखळायला लागला नि भाचा कंटाळला. महिनाभर तो खेळायला येतच नव्हता. एका दुकानदारानं तर उघडूनही न बघता सांगितलं, "यात दम नाही, नवीन घ्या." दाजी हप्त्यांचा हिशेब मांडायला लागले होते. म्हटलं, जरा थांबा.

आधी एक साधी परीक्षा घेतली. इंटरनेट बंद करून भाच्याला एकट्याला खेळायला लावलं. तरीही चित्र अडकत होतं, म्हणजे दोष यंत्रातच. चित्र सुरळीत चालतं पण फोडलेला ठोकळा पुन्हा जागेवर येतो, असं झालं तर दोष नेटचा, नि मग लॅपटॉपवर कितीही खर्च केला तरी उपयोग नाही. खेळात एफ 3 ची कळ दाबली की सेकंदाला किती चित्रं उमटतात तो आकडा दिसतो (काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावी लागते). सुरुवातीला आकडा 40 असायचा. दहा मिनिटांत तो 15 वर यायचा.

हे दहा मिनिटंच खरं दुखणं. पुष्कळशा लॅपटॉपांना हवा तळातून लागते. गादीवर ठेवला की तोंड दाबल्यासारखं होतं. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतो. त्यात खोलीचीच हवा तापलेली. लॅपटॉप टेबलावर आणला, मागची बाजू दोन पुस्तकांवर टेकवून उचलली. एवढ्यानंच आकडा 15 चा 24 झाला.

मग एमपी नगरातल्या दुसऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यानं तळ उघडला तर पंख्याच्या जाळीवर धुळीचा नमदाच बसलेला. बॅटरीची तार काढून, पंख्याची पाती बोटानं धरून (जोरानं फिरली तर पंखा बिघडतो) त्यानं ब्रशनं नि हवेनं साफ केलं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. वॉरंटी असेल तर हे घरी करू नये, आधी विचारून घ्यावं.

पुढचं काम फुकटातलं. खेळात किती लांबवरचं दिसावं याची एक मर्यादा असते. ती 12 होती, म्हणजे चहूबाजूंना बारा-बारा तुकडे. 25 गुणिले 25, एकूण 625 तुकड्यांचा भार. मर्यादा 6 केली की 13 गुणिले 13, म्हणजे 169 च उरतात. भाचा कुरकुरला, "मामा, लांबचा बुरूज दिसत नाही." दिसत नाही ते खरं, पण जवळचा तरी नीट दिसतो! ढग बंद केले, चित्रांची पातळी 'फास्ट' केली, नि सेकंदाला ठरावीक आकड्याच्या पुढे जायचं नाही असा लगाम घातला. उगाच वर जाऊन फक्त उष्णता वाढते. सोडियम नावाची एक मोफत जोड मिळते, खेळाच्या त्याच आवृत्तीची घ्यावी लागते. तिनंही बराच फरक पडला.

एक घोळ भाच्यानंच करून ठेवला होता. लॅपटॉपमध्ये रॅम चारच जीबी. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानं त्यातली तीन खेळाला देऊन टाकली. मग विंडोजनं जगायचं कशावर? ती डिस्ककडे हात पसरते, नि सगळंच रखडतं. परत दोनवर आणलं.

पैसे खर्च केले ते एकाच ठिकाणी. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचे खण किती नि भरलेले किती ते दिसतं. आमचा एक रिकामा होता. त्यात त्याच जातीची, डीडीआर 4, आणखी चार जीबीची पट्टी बसवली. अशा लॅपटॉपात चित्रासाठी वेगळी मेमरी नसते, ते काम मुख्य रॅममधूनच चालतं. दोन पट्ट्या झाल्या की वाटाही दोन होतात. जेवणावळीला एकाऐवजी दोन दारांनी वाढपी यावेत, तसं. एसएसडी घेऊ का, असं दाजींनी विचारलं. तिच्यानं खेळ लवकर उघडतो, पण उघडल्यावर आकडा फारसा वाढत नाही. ती पुढच्या वर्षी. 'गेम बूस्टर' म्हणवणाऱ्या गोष्टींच्या वाटेला मात्र आम्ही गेलो नाही.

आता एक-दीड तास खेळला तरी आकडा 40 च्या खाली येत नाही. परतीच्या गाडीत भाच्याचा फोन आला. खंदकात पाणी सोडलं होतं. मागून दाजींचा आवाज, "त्याला विचार, बिसी आहे का?"

"इल्ल, तण्णग आगेद!" भाचा म्हणाला. थंड झालाय म्हणजे काय ते दाजींना त्यानंच समजावून सांगितलं.