काळजातली गोटी

डब्याच्या झाकणाला असते ती सिलिकॉनची पांढरी रिंग आठवा. नवी असते तेव्हा दुधासारखी. चार महिने भाज्या नेल्या की पिवळी पडते, आणि कितीही घासा, फोडणीचा वास काही तिला सोडत नाही. आपण नाक मुरडतो आणि रिंग पुन्हा बसवून टाकतो. नेमक्या याच पिवळेपणानं एके काळी अमेरिकेतल्या हृदयाच्या सर्जनांची झोप उडवली होती, यावर विश्वास बसेल?

गोष्ट सुरू होते 1958 साली, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये. लोवेल एडवर्ड्स नावाचे साठीचे निवृत्त इंजिनिअर 32 वर्षांच्या डॉ. अल्बर्ट स्टार यांच्याकडे गेले आणि म्हणाले, आपण कृत्रिम हृदय बनवू या. स्टार म्हणाले, आधी एक झडप तर बनवू!

त्यांनी बनवलेली झडप समजायला गोटी सोड्याची बाटली पुरे. आतला वायू गोटीला वर रेटतो, गोटी तोंडाशी घट्ट बसते, सोडा आतच राहतो. इथे बाटलीच्या तोंडाऐवजी एक कडं, आणि गोटी निसटू नये म्हणून तिच्याभोवती धातूचा छोटासा पिंजरा. रक्त पुढे निघालं की गोटी उचलली जाते, वाट मोकळी. रक्त मागे फिरू लागलं की तीच गोटी कड्यावर येऊन बसते, वाट बंद. बस्स, एवढंच यंत्र!

पण गोटी कशाची करायची? हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देतं. म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा या गोटीनं उठायचं आणि आपटायचं, तेही कोमट, खारट रक्तात, एकही सुट्टी न घेता. डॉ. चार्ल्स हफनेगल यांनी 1952 मध्येच वॉशिंग्टनमध्ये महाधमनीत कडक प्लॅस्टिकच्या गोटीची झडप बसवली होती. तिचा टकटक आवाज बाहेर ऐकू यायचा. साधं रबर घ्यावं, तर पुडीला लावलेला रबर बँड वर्षभरानं कसा होतो ते आपण पाहतोच. रबराच्या रेणूंच्या साखळीत काही कच्चे दुवे असतात, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन तेच कुरतडतात.

म्हणून स्टार-एडवर्ड्स यांची गोटी झाली सिलिकॉन रबराची. सिलिकॉनच्या कण्यात ते कच्चे दुवे नाहीतच. तो कणा एकाआड एक सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंचा. हेच दोन अणू वाळूत आहेत, आणि आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळातही! म्हणजे जोड दगडाचा. मग ही वस्तू एवढी मऊ कशी? कारण दगडात हे अणू चहूबाजूंनी जखडलेले असतात, इथे त्यांची सुटी, लांबच लांब साखळी असते, आणि तिचा प्रत्येक सांधा तेल घातलेल्या बिजागरीसारखा सहज फिरतो. शून्याखाली शंभर अंशांपलीकडे गेल्यावरही या साखळ्यांची वळवळ थांबत नाही. चंद्रावर उमटलेल्या बुटांचे तळवेसुद्धा सिलिकॉन रबराचेच होते.

या साखळ्या एकमेकींना धरून मात्र ठेवत नाहीत. नुसतं शुद्ध सिलिकॉन रबर सहज फाटतं. त्याला ताकद यावी म्हणून त्यात काय मिसळतात? सिलिका! धुरासारखी बारीक केलेली, वाळूचीच सख्खी बहीण. ती मिसळली की तेच लेचंपेचं रबर कितीतरी पट चिवट होतं.

सप्टेंबर 1960 मध्ये अशी गोटी 52 वर्षांच्या एका माणसाच्या हृदयात बसली. तो पुढे दहा वर्षं जगला. गेला तोही हृदयानं नव्हे, घर रंगवताना शिडीवरून पडून.

आणि मग, काही वर्षं वापरून झालेल्या झडपा हाती येऊ लागल्या. दुधासारख्या गोट्या पिवळ्या पडलेल्या! काही फुगलेल्या, काहींना चिरा, काही झिजून लहान झालेल्या. फुगलेली गोटी पिंजऱ्यात अडकली तर जीवच धोक्यात. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून झडप उघडतानाची 'टिक' ऐकू लागले. ती मंदावली किंवा नाहीशी झाली, की गोटीचं काहीतरी बिनसलंय हे ओळखायचं.

असं का व्हावं? दगडाचा जोड तुटला होता का? नाही. गोटीत रक्तातली चरबी मुरली होती. सैल, वळवळत्या साखळ्यांमध्ये फटी असतात. पाणी त्यांत रमत नाही, पण स्निग्ध पदार्थ आपल्याच घरात शिरावेत तसे शिरतात. डब्याच्या रिंगेत तेलाबरोबर हळद शिरते, तसंच रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि इतर चरबी गोटीत शिरली होती. मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं. लोखंड गंजतं, रबर विटतं. सिलिकॉन मात्र शरीरात म्हातारं झालं ते लोणच्यातल्या फोडीसारखं, मुरून.

उपाय सापडला भट्टीत. कच्चं सिलिकॉन तापवतात तेव्हा साखळ्यांमध्ये गाठी पडतात आणि त्याचं रबर होतं. 1960च्या दशकाच्या मध्यावर या भाजण्याची पद्धत बदलली आणि नव्या गोट्यांमधला हा दोष जवळजवळ नाहीसा झाला. कृती तीच, फक्त आच वेगळी!

सिलिकॉनची ही मुरवून घेण्याची खोड दुसरीकडेही आडवी आली. ह्यूस्टनमध्ये 1962 साली डॉ. क्रोनिन आणि डॉ. गेरो यांनी पहिलं सिलिकॉन जेलचं स्तन-रोपण केलं. तिथे कवचही सिलिकॉनचं आणि आतलं जेलही सिलिकॉनचं. जेलमधलं तेल कवचातच मुरतं, त्याला फुगवून कमजोर करतं आणि थोडं थोडं बाहेरही झिरपतं. म्हणून पुढच्या पिढीच्या कवचांत हे झिरपणं अडवणारा वेगळा थर घालावा लागला. असं रोपण फाटलं तरी बाहेरून कळेलच असं नाही. म्हणून अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीए पाच-सहा वर्षांनी, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी, एमआरआय किंवा सोनोग्राफी करून घ्यायला सांगते.

स्टार यांना 2007 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. नव्या तऱ्हेच्या झडपा येऊन गोटीची झडप तोवर मागे पडली होती. पण नीट भाजलेल्या त्या गोट्यांपैकी काही, एकाच माणसाच्या छातीत, चाळीस वर्षांहून अधिक काळ उठत-बसत राहिल्या.