घड्याळ कोणत्या मनगटावर?

मनगटी घड्याळ डाव्या हातात बांधावे, हे आपणांपैकी बहुतेकांना कोणी शिकवलेले नाही. थोरांच्या हातात पाहिले आणि आपणही तसेच बांधले. अशा न शिकवलेल्या गोष्टींचे कारण शोधण्याची आम्हांस जुनी खोड आहे. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि कामगारांच्या बैठकींत झाले, त्याचा हा परिणाम असावा. शिवाय या साध्या गोष्टीपायी एका तरुणाची दोन बोटे गेलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून हा विषय घेतला.

घड्याळ मनगटावर आले त्याला फार काळ लोटलेला नाही. एकोणिसाव्या शतकात पुरुषांचे घड्याळ साखळीला अडकवून खिशात असे. मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना, अशी युरोपात समजूत होती. 1914 ते 1918 च्या महायुद्धात शिपायाला खिशात हात घालून वेळ पाहण्याची सवड नव्हती. त्याने घड्याळ मनगटाला बांधले, आणि युद्ध संपल्यावर तीच रीत सर्वत्र रूढ झाली. म्हणजे ही सोय हौसेखातर नव्हे, हात कामात गुंतलेले होते म्हणून पसरली, हे ध्यानात ठेवावे.

आता डावेच मनगट का? त्याला दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की, दहा माणसांत सुमारे नऊ उजव्या हाताने काम करणारी असतात. हातोडा, करवत, लेखणी उजव्या हातात. तोच हात आपटतो, ठेचतो, भिजतो. घड्याळातली चक्रे नाजूक. त्यांना धक्का सोसत नाही. दुसरे कारण किल्लीचे. किल्ली असते तबकडीवरच्या तीनच्या अंकाजवळ. घड्याळ डाव्या मनगटावर असले की ती पंजाकडे येते आणि उजव्या हाताच्या चिमटीत सहज सापडते. उजव्या मनगटावर बांधले तर तीच किल्ली कोपराकडे जाते आणि डाव्या हाताला आडवळण घ्यावे लागते. 1969 साली जपानच्या सैको कंपनीने क्वार्ट्‌झचे, बॅटरीवर चालणारे मनगटी घड्याळ विकावयास आणले. पुढे तशी घड्याळे घरोघर झाली आणि रोज किल्ली देणे उरले नाही. दुसरे कारण असे गळाले. पहिले मात्र तसेच आहे.

तेव्हा नियम असा निघतो : ज्या हाताला काम कमी, त्या हाताला घड्याळ. डावखुऱ्याने ते उजव्या हातात बांधावे. त्यांच्यासाठी किल्ली डाव्या बाजूला असलेली घड्याळेही काही कंपन्या बनवतात. पण आपल्याकडे हाताची निवड कामावरून थोडीच होते! उजवा हात जेवणाचा, प्रसादाचा, देण्याघेण्याचा. डावा तो दुय्यम. म्हणून कोणी शुभ समजून घड्याळ उजव्यात बांधतो, तर डावखुरा मुलगा चारचौघांत वेगळे दिसू नये म्हणून डाव्यात. आमच्या आयाबहिणी यात अधिक शहाण्या. एका हातात घड्याळ, दुसऱ्यात बांगड्या. काच बांगडीवर घासत नाही.

चालत्या यंत्रापुढे मात्र दोन्ही मनगटे चुकीची. वर ज्या तरुणाचा उल्लेख केला, तो एका लहान कारखान्यात ड्रिल मशीनवर काम करी. तो डावखुरा होता. घड्याळ मात्र सर्वांसारखे डाव्यातच, स्टीलच्या पट्ट्याचे. धातूचा कीस डाव्या हाताने झाडताना पट्टा फिरत्या ड्रिलमध्ये अडकला. मालक म्हणाले, घड्याळ घालू नये असा नियम होता, चूक त्याची. आम्ही विचारले, तो नियम कोठे लिहून लावला आहे? आणि ड्रिलभोवतीची जाळी कोठे आहे? यंत्राच्या धोकादायक भागांना आडोसा घालण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्याने मालकावर टाकली होती. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने पैसे मिळाले. बोटे मिळाली नाहीत.

मग कामगाराने घड्याळ बाळगूच नये काय? बाळगावे, आणि अवश्य बाळगावे. गिरणगावात वेळ नेहमी दुसऱ्याच्या हातात राहिली. 1 जानेवारी 1906 पासून सरकारने प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या 39 मिनिटे पुढे होती. गिरणीचे घड्याळ पुढे सरकले, तर पहाटे तितकेच आधी उठणे आले. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी काम बंद ठेवून विरोध केला. त्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हते, पण हिशेब पक्का होता.

आमचे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. त्यांच्याकडे एचएमटीचे घड्याळ होते. 1961 साली बंगलोरला ज्यांचे उत्पादन सुरू झाले, त्यांपैकी. साच्यापाशी उभे राहण्यापूर्वी ते काढून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवीत. पाळी सुटल्यावर पुन्हा मनगटावर बांधताना भोंग्याशी ताडून पाहत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि गिरण्यांचे भोंगे थांबले. पुढे बहुतेक गिरण्याच गेल्या. घड्याळ मात्र वडिलांनी रोज किल्ली देऊन चालू ठेवले.

आज वेळ मोबाइलमध्ये दिसते, हे खरे. पण कित्येक ठिकाणी कामगाराला मोबाइल दाराशीच ठेवावा लागतो, आणि आत किती मिनिटे जास्त काम झाले ते दुसराच सांगतो. अशा कामगारांना आम्ही एवढेच सांगतो : स्वस्तातले का होईना, घड्याळ घ्या. कामाचा हात सोडून दुसऱ्या मनगटावर बांधा. यंत्र चालू करण्यापूर्वी काढून खिशात ठेवा. आणि पाळी सुटली की त्यात पाहून सुटल्याची वेळ स्वतःच्या वहीत लिहा. ओव्हरटाइमचा वाद निघाला, तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल.