चूल पेटवायला प्लास्टिक नको, मेणबत्तीचे तुकडे आहेत ना!



पावसाळ्यात सकाळी वस्तीतून फिरलं की नाकाला एक वास येतो. लाकडाचा नव्हे, प्लास्टिकचा. कुणी दुधाची पिशवी पेटवून चुलीत सारलेली असते, कुणी जुन्या चपलेचा तुकडा, कुणी आंघोळीच्या बंबात टायरचा रबर. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "ताई, लाकूड ओलं आहे. दुसऱ्या कशानं धरतच नाही."

हे उत्तर खोटं नाही. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, अनेकींच्या घरी सिलिंडर आला. पण रिकामा झालेला सिलिंडर भरायला एकरकमी पैसे लागतात आणि हातावर पोट असलेल्या घरात ते दर वेळी जमत नाहीत. मग चूल पुन्हा पेटते. म्हणून आज "चूल वापरू नका" असं सांगून मी मोकळी होणार नाही. चूल पेटवायचीच तर कशानं पेटवायची, ते सांगते.

प्लास्टिक जळताना निघणारा धूर विषारी असतो. वायरीचं आवरण, पाइप, रेक्झिन यांच्या धुरानं घसा आणि डोळे जळजळतात, दमेकऱ्याचा दमा उसळतो. त्यातलं डायॉक्सिन नावाचं द्रव्य शरीरात वर्षानुवर्षं साठून राहतं आणि त्यानं कर्करोगाचा धोका वाढतो. चुलीपाशी सगळ्यात जास्त वेळ कोण असतं? आपण, आपल्या कडेवरचं लेकरू आणि कोपऱ्यात बसलेली सासू. शिवाय वितळलेलं प्लास्टिक हातावर पडलं तर कातडीला चिकटतं आणि खोलवर भाजतं.

रॉकेल आणि पेट्रोल तर त्याहून वाईट. पेट्रोलची वाफ काडी ओढताच भडकते. बाटली हातात असतानाच भडका अंगावर येतो. नर्स म्हणून भाजलेल्यांच्या वॉर्डात काम करताना मी ऐकलेलं वाक्य अजून कानात आहे: "जरासंच ओतलं होतं."

मग काय वापरायचं?

आपल्या घरात वंदनेला मेणबत्ती लागते. तिचा उरलेला बुडखा आपण टाकून देतो. तो टाकू नका, डब्यात साठवा. सोबत एवढं जमवा:

• अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. भुर्जीच्या गाडीवर मागितला तर मिळतो. प्लास्टिकचा ट्रे नको.
• सुताराकडचा कोरडा भुसा किंवा नारळाच्या शेंड्या, बारीक सोडवून. रंग दिलेल्या लाकडाचा किंवा प्लायवूडचा भुसा घेऊ नका.
• उन्हात कडक वाळवलेली कांद्या-लसणाची सालं आणि संत्र्याची सालं. संत्र्याच्या सालीत तेल असतं, ती चांगली पेट घेते.

कृती

१. ट्रेच्या खळग्यांत भुसा आणि सालं सैल भरा. दाबून भरलं तर हवा खेळत नाही.

२. मेणाचे तुकडे कोरड्या पत्र्याच्या डब्यात घाला. तो डबा पाणी असलेल्या पातेल्यात ठेवून पाणी तापवा. मेणाचा डबा थेट आचेवर कधीही ठेवू नका. पाण्यात ठेवल्यानं मेण उकळत्या पाण्याहून जास्त तापत नाही. थेट आचेवर तापत जाऊन पेट घेतं. पेटलंच तर पाणी ओतू नका, भडका उडेल. आच बंद करा आणि वरून झाकण घाला. हे काम मुलांना देऊ नका.

३. डबा फडक्यानं धरून प्रत्येक खळग्यात साधारण एक मोठा चमचा मेण ओता. भुसा ओला दिसला की पुरे.

४. थंड झाल्यावर खळगे कापून सुटे करा. चुलीपासून लांब, झाकणाच्या डब्यात ठेवा. दिसायला खाऊसारखे दिसतात, म्हणून लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

चूल पेटवताना एक तुकडा खाली ठेवा, वर बारीक काटक्या सैल रचा आणि पुठ्ठ्याची कड पेटवा. साधारण आठ-दहा मिनिटं तो जळत राहतो, तेवढ्यात काटक्या धरतात. तोंड खाली घालून फुंकत बसावं लागत नाही. मेण पूर्ण जळून लाकूड धरल्यावरच तवा ठेवा. मेण नसेल त्या दिवशी कोरड्या शेंड्या आणि वाळलेली सालं रद्दीच्या साध्या कागदात गुंडाळली तरी काम भागतं. चकचकीत कागद मात्र नको.

आणखी एक. उद्याचं लाकूड आजच आत आणून कोरड्या जागी ठेवा. ओल्या लाकडाचा धूर कुठल्याही युक्तीनं कमी होत नाही. लाकडाचा धूरही वाईटच, तेव्हा दार-खिडकी उघडी ठेवा, जमेल तेव्हा चूल बाहेर मांडा. चुलीपाशी बसताना पदर खोचा.

भाजलंच तर

भाजलेल्या जागेवर लगेच वाहतं गार पाणी सोडा, पूर्ण २० मिनिटं. बांगड्या, अंगठ्या सूज येण्याआधी काढा. चिकटलेलं प्लास्टिक किंवा कपडा ओढू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ काही लावू नका. स्वच्छ कोरड्या फडक्यानं सैल झाका आणि दवाखान्यात न्या. चेहरा भाजला असेल, लहान मूल असेल किंवा जखम मोठी असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

एका घरच्या बुडख्यांनी ३० खळग्यांचा ट्रे भरणार नाही. म्हणून विहारात एक डबा ठेवा. १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा, ६ डिसेंबर या दिवसांनंतर विझलेल्या मेणबत्त्यांचा ढीग उरतो. तो कचऱ्यात जाऊ देऊ नका. रविवारच्या वंदनेनंतर चारजणींनी मिळून तासभर बसलं तर दोन-तीन घरांची आठवड्याची चूल सुटते. पहिला तुकडा त्या घरी द्या, जिथं बाळंतीण आहे किंवा दम्याचं माणूस आहे.