रिकाम्या खळ्यावर मोटारींची शर्यत

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरात एखादी तरी रिमोटवर चालणारी खेळण्यातली मोटार निघतेच. अंगणात चार फेऱ्या मारून झाल्या की मुले ती घेऊन डांबरी रस्त्यावर पळतात. भीती आहे ती तिथेच. चालवणाऱ्याची नजर मोटारीवर असते. पायाखाली काय आहे, मागून काय येते आहे, याचे भान त्याला नसते. तेव्हा धावपट्टी घरच्या खळ्यावरच करून द्या. मळणीयंत्र आल्यापासून खळे तसेही रिकामेच असते.

जागा विहिरीपासून आणि शेततळ्यापासून चांगली लांब असावी. काळी माती उन्हाने भेगाळते, म्हणून वर चाळलेला मुरूम दोन बोटे पसरा, पाणी मारा आणि जरा सुकला की धुमसाने चोपून घ्या. वर शेणाचा सडा टाकला की धूळ बसते. खळे कसे करायचे हे घरातल्या आजोबांना विचारा. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

पट्टा चार-पाच फूट रुंद पुरे. एक लांब सरळ भाग ठेवा, त्यापुढे मोठे वळण आणि मग एक आवळ वळण. सरळ भागात कोणीही पळवतो, कसब दिसते ते वळणावर. कडेला दगड-विटा मुळीच लावू नका, आदळून मोटारीचे पुढचे चाक निखळते. ठिबकच्या टाकाऊ नळ्या दोन-तीन एकत्र बांधून जाड तारेच्या आकड्यांनी जमिनीत रोवा. उडीसाठी मातीचा उंचवटा केलात तर उतरायच्या बाजूलाही लांब उतार द्या.

चालवणाऱ्यांनी मोटारीमागे धावायचे नाही. मोठ्या शर्यतींतही सगळे एका उंच मचाणावर उभे असतात. आपल्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली आहेच. सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावा.

दुसरी मोटार घेताना दुकानातच दोन्ही एकदम चालवून पाहा. स्वस्तातल्या पुष्कळ मोटारी 27 मेगाहर्ट्झवर चालतात, आणि एकाच्या रिमोटने दुसऱ्याची मोटार वळते. मग भावाभावांत भांडण ठरलेले! 2.4 गिगाहर्ट्झच्या मोटारींत सहसा ही कटकट नसते.

बॅटरीबाबत मात्र हयगय नको. लिथियमची बॅटरी फुगली, आपटून चेपली किंवा जास्त चार्ज झाली तर पेट घेऊ शकते. कडब्याच्या गंजीजवळ, गोठ्यात किंवा अंथरुणावर ती चार्जिंगला लावू नका. रात्रभर तर नाहीच. तिच्याबरोबर आलेलाच चार्जर वापरा, मोठे माणूस जवळ असू द्या आणि खेळून तापलेली बॅटरी निवल्यावरच लावा. फुगलेली बॅटरी चुलीत किंवा उकिरड्यावर न टाकता तालुक्याच्या गावी जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्याकडे द्या.

फेऱ्या मोजायला धाकट्या मुलीला बसवा, फेरीगणिक एक चिंचोका. पण तिलाही पाळीने रिमोट मिळाला पाहिजे, हे आधीच ठरवून घ्या.